काळ्या पडद्यावरची गाणी



गटाची बैठक संपत आली, बचत गोळा झाली, हप्त्याचा हिशेब लागला, ठरावावर सह्या झाल्या, की बाया जरा मोकळ्या होतात. मग विषय निघतो लेकरांचा. गेल्या वर्षभरात मेहकर, चिखली, नांदुरा, जळगाव जामोद, कुठल्याही तालुक्यात गेलो तरी एक गोष्ट आम्हाला हमखास ऐकायला मिळाली. पोरगा नाहीतर पोरगी रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन गाणी पाहते. गाणी म्हणावीत तर त्यात ना फूल, ना पान, ना नाच. नुसता अंधार, धूर, काळे कपडे, मोकळे सोडलेले केस, पांढरेफटक चेहरे आणि किंचाळल्यासारखा आवाज. “हे पाहून लेकराचं डोकं फिरल का हो ताई?” असं एकजण विचारते. दुसरी हळूच म्हणते, “बाहेरचं काही लागलं असंल.”

ही गाणी बहुतेक रॉक नावाच्या संगीताची असतात. विजेवर वाजणारी गिटार, मोठे ढोल आणि जोरकस आवाज, असा हा प्रकार. तो इंग्लंड-अमेरिकेतून आला आणि आता जगभर पसरला. त्याची चित्रं एवढी काळी का असतात, हा अंधार तिथं आला कुठून, हे आज आपण पाहू. एखाद्या गोष्टीचं मूळ कळलं की तिची निम्मी भीती जाते. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, ते शेवटी बोलू.

सुरुवात आपल्या घरापासून करू. अंधार आणि गाणं यांची जोडी आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या पहाटे कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर बसायच्या. घरात मिणमिणती चिमणी, बाकी सगळा काळोख. त्या काळोखात त्या ओव्या गायच्या. माहेरची आठवण, सासूचा जाच, नवऱ्याची मारहाण, मेलेलं लेकरू, असं दिवसा चारचौघांत जे तोंडातून काढता येत नव्हतं, ते जात्याच्या घरघरीत बाहेर यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचल्या की कळतं, अंधार बाईसाठी आडोसा होता. कोणी तोंडाकडे पाहत नसलं की मन बोलतं.

गोंधळाचंही तेच. संबळ, तुणतुणं आणि हातात पेटलेली दिवटी. गोंधळी रात्रभर कथा सांगतो. तो दिवटीसमोर आला की चेहरा उजळतो, मागे सरला की सावली भिंतभर मोठी होते. आपण लहान होतो तेव्हा ती सावली पाहून आईला बिलगायचो, आणि तरी उठून जायचो नाही. भीती वाटावी आणि जागचं हलूही नये, ही अंधाराची जुनी ताकद आहे. पुढे सिनेमावाल्यांनी तीच वापरली.

पहिलं महायुद्ध १९१८ साली संपलं. जर्मनी हरली होती. घरोघरची माणसं मेली होती, खायची भ्रांत होती. त्या देशात १९२० साली ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’ नावाचा मूकपट आला. त्यातली घरं वाकडी, रस्ते तिरपे, आणि सावल्या तर भिंतींवर चक्क रंगाने काढलेल्या. माणसाच्या मनातली भीती बाहेरच्या भिंतींवर दिसावी, असा त्यामागचा विचार होता. मग त्या देशात असे अनेक सिनेमे झाले. एकाच बाजूने उजेड टाकायचा, अर्धा चेहरा अंधारात ठेवायचा, माणसापेक्षा त्याची सावली मोठी दाखवायची. ही रीत तिथून जगभर गेली.

ती महाराष्ट्रातही आली. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्याच सुमारास व्ही. शांताराम ‘सैरंध्री’ या रंगीत चित्रपटाच्या कामासाठी जर्मनीला गेले होते. तिथलं छायाचित्रणाचं तंत्र त्यांनी पाहिलं. परत आल्यावर पुण्यातल्या नव्या स्टुडिओत त्यांनी ‘अमृतमंथन’ काढला, तो १९३४ साली. बळी देण्याची प्रथा बंद करणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू, अशी ती कथा. त्यात राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला आहे. आजूबाजूला काळोख आणि मध्ये तो डोळा. धर्माच्या नावाने चालणारी क्रूरता लोकांना कशी दिसावी, तर अशी. भाषणाची गरजच पडली नाही.

तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच प्रभातने ‘कुंकू’ काढला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे नीरा झाल्या होत्या. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज आहेत आणि भिंतीवरचं एक जुनं घड्याळ आहे. ते घड्याळ त्या नवऱ्याच्या सरत्या वयासारखं टिकटिकत राहतं. हा चित्रपट उदास आहे, पण तो पाहून कोणी बिघडलं नाही. उलट, म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवर लोक बोलायला लागले. तेव्हा काळोखी, उदास चित्रं म्हणजे पाश्चात्त्यांचं खूळ, असं म्हणायचं कारण नाही. आपल्याच माणसांनी ती बाईच्या बाजूने वापरलेली आहेत.

आता इंग्लंडमध्ये जाऊ, कारण आपल्या पोरांच्या मोबाइलमधला अंधार मुख्यतः तिथला आहे. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याला गिटार वाजवायचं वेड. वाजवणाऱ्या मंडळींबरोबर दौऱ्यावर जायचं ठरलं आणि त्याने काम सोडलं. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला तेव्हा त्याला परत जायचंच नव्हतं. आईने सांगितलं, दिवस पुरा करून ये. त्या दुपारी त्याला नेहमीच्या नसलेल्या यंत्रावर बसवलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली.

आपल्याकडे मळणी यंत्रात, कुट्टी मशीनमध्ये बोटं गेलेली माणसं गावागावात आहेत. हातावर पोट असलेल्याचं बोट गेलं की पुढे काय होतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको. टोनीला वाटलं, संपलं सगळं. पण कारखान्यातल्या एका मुकादमाने त्याला एका कलाकाराची रेकॉर्ड ऐकवली. त्या कलाकाराची बोटं जळून निकामी झाली होती, तरी तो गिटार वाजवायचा. टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली आणि त्यावर चामडं चिकटवलं. दुखऱ्या बोटांना ताण नको म्हणून पुढे तारा सैल केल्या. सैल तारांमधून आवाज आला तो जड, खोल, घुमणारा. आज ज्याला मेटल म्हणतात त्या काळ्या संगीताचा आवाज असा एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांतून घडत गेला.

त्याच्या मंडळींत गाणारा ऑझी ऑस्बर्न होता. तोही गरीब घरातला, कत्तलखान्यात काम केलेला. ते सराव करायचे त्या जागेसमोर एक सिनेमा थिएटर होतं. तिथे भयपट लागला की लोक रांग लावायचे. यांना वाटलं, लोक पैसे मोजून घाबरायला जातात, मग आपण भीतीचं संगीत का करू नये? त्या भयपटाच्याच नावावरून त्यांनी आपलं नाव ठेवलं, ब्लॅक सॅबथ. त्यांची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला निघाली. तिच्या पाकिटावर फिकट, उदास रंगाचं एक चित्र आहे. पानगळ झालेली झाडं, काळा झगा घातलेली एक बाई, आणि मागे एक जुनी इमारत. ती इमारत कसली असेल? पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी! मॅपलडरहॅम गावची ही गिरणी आजही दळते. आपल्या आज्या जात्यापाशी गायच्या आणि यांचं पहिलं चित्र निघालं दळणाच्या गिरणीपुढे. हा योगायोग आहे, पण आम्हाला तो फार आवडला.

त्या पोरांना फुलाबागेतली गाणी का सुचली नाहीत? त्यांच्या भोवती फुलं नव्हती म्हणून. धुराडी होती, यंत्रं होती, लढाईत बॉम्ब पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा होत्या. ज्याने जे पाहिलं ते त्याच्या गाण्यात आलं.

आता एक महाराष्ट्राची गोष्ट. टांझानियाच्या झांझिबार बेटावरच्या एका पारशी घरातला फारुख बल्सारा हा मुलगा. आई-वडिलांनी त्याला आठव्या वर्षी शिकायला पाठवलं ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. तो पियानो शिकला आणि १९५८ मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने वाजवणाऱ्या पोरांचा एक चमू केला. १९६४ मध्ये झांझिबारला क्रांती झाली, रक्तपात झाला आणि ते कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे हा मुलगा फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. त्याच्या मंडळींचं नाव क्वीन, म्हणजे राणी.

१९७५ साली त्यांचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणं आलं. जवळजवळ सहा मिनिटांचं. टीव्हीवर जाऊन ते गाणं जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी त्याचं चित्रीकरण करून पाठवलं. काम झालं साधारण चार तासांत. सुरुवातीला पडदा पूर्ण काळा. त्यातून चार चेहरे वर येतात, उजेड फक्त वरून, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या. बाकी काही नाही. ही मांडणी त्यांच्याच १९७४ च्या एका रेकॉर्डवरच्या फोटोवरून घेतली होती. आणि तो फोटो सुचला होता मार्लेन डीट्रिच या नटीच्या १९३२ च्या ‘शांघाय एक्सप्रेस’ चित्रपटातल्या छबीवरून. डीट्रिच कुठली? बर्लिनची. म्हणजे जर्मनीत शिकलेली सावली एका वाटेने पुण्याच्या प्रभातमध्ये आली आणि दुसऱ्या वाटेने पाचगणीत शिकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर पडली.

आणखी एक साधं कारण सांगायला हवं. अंधार स्वस्त पडतो. मागे काळा कपडा लावला, एक दिवा बाजूने ठेवला, थोडा धूर सोडला की महाल बांधायला नको, बाग नको, शंभर नाचणारे नकोत. लेकरं लाईट गेल्यावर हनुवटीखाली बॅटरी धरून एकमेकांना घाबरवतात ना, तीच युक्ती. पुढे कॉम्प्युटर आल्यावर चित्रातला रंग काढून घ्यायची सोय झाली. हिरवं, पिवळं, लाल पुसायचं आणि निळसर राखाडी तेवढं ठेवायचं. कडक उन्हात काढलेलं चित्रही मग ढगाळ दिसतं. पोरांच्या मोबाइलमध्ये जे भेसूर दिसतं, त्यातलं बरंचसं असं कारागिरीचं आहे.

अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं. चोवीस तास गाण्यांची चित्रं दाखवणारी वाहिनी. आता गाणं ऐकण्याइतकंच पाहण्याचं झालं. चकचकीत, रंगीत चित्रं खूप आली, आणि त्यांना कंटाळून काळी चित्रंही आली. त्यातल्या तीनच सांगतो.

मेटॅलिका या मंडळींनी १९८९ मध्ये आपलं पहिलं चित्रगीत काढलं, ‘वन’. पूर्ण काळं-पांढरं. एका जुन्या चित्रपटातले तुकडे त्यात घातले होते. पहिल्या महायुद्धात हात, पाय आणि चेहरा गमावलेला एक सैनिक दवाखान्यात पडून आहे. त्याला सगळं समजतं, पण सांगता येत नाही. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं फौजेत आहेत. लढाई म्हणजे काय, हे एखाद्या आईने पाहावं तर या चित्रात. ते रंगीत आणि गोड केलं असतं तर खोटं झालं असतं.

१९९१ मध्ये निर्वाणा या मंडळींचं गाणं आलं. शाळेच्या व्यायामशाळेचा हॉल, धुरकट पिवळा उजेड, कंटाळलेली पोरं. नोकरी नाही, घरात भांडणं, पुढचं काही दिसत नाही, अशा पिढीला तो धुरकट हॉल आपलाच वाटला. या मंडळींचा गाणारा कर्ट कोबेन. १९९४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तो आजारी होता, नशेच्या विळख्यात होता, मनाने खचलेला होता. जगभरची पोरं त्याची गाणी ऐकून म्हणत होती, हा आमचं दुःख सांगतो. त्याच्या स्वतःच्या दुःखावर मात्र वेळेवर इलाज झाला नाही. गाणं मन हलकं करतं, पण गाणं औषध नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

तिसरं १९९३ चं, सोल असायलम या मंडळींचं ‘रनअवे ट्रेन’. उदास गाणं, उदास चित्रं, मारहाण होणारं घर, रस्त्यावर आलेली लेकरं. मध्ये मध्ये हरवलेल्या खऱ्या मुलांचे फोटो, नावं आणि कधीपासून सापडत नाहीत ते वर्ष. वेगवेगळ्या देशांत तिथली मुलं दाखवली. त्यातली काही लेकरं पुढे सापडली. कोणाचं तरी मूल घरी आलं ते अशा एका काळ्या गाण्यामुळे.

मग या गाण्यांची भीती आयांना वाटलीच नाही का? वाटली, आणि आपल्या आधी वाटली. १९८५ साली अमेरिकेच्या राजधानीत काही बायांनी मिळून एक गट स्थापन केला. त्यात पुढाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या बायका होत्या. टिपर गोर ही त्यातली एक. आपल्या मुलीसाठी आणलेल्या रेकॉर्डमधलं गाणं ऐकून ती हादरली होती. त्यांनी वाईट गाण्यांची यादी केली आणि प्रकरण थेट तिथल्या संसदेत नेलं. १९ सप्टेंबर १९८५ ला सुनावणी झाली. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. काही गाण्यांत बाईबद्दल घाणेरडं बोललेलं होतंच. त्यांच्या धडपडीमुळे रेकॉर्डवर पालकांसाठी सूचनेची चिठ्ठी लागायला लागली.

पण त्याच सुनावणीत एक गोष्ट घडली. डी स्नायडर नावाचा लांब केसांचा, भडक रंग फासून गाणारा गायक साक्ष द्यायला आला. त्याच्या एका गाण्यात बाईचा छळ आहे, असा आरोप होता. तो म्हणाला, हे गाणं आमच्या सोबत्याच्या घशाच्या ऑपरेशनवर आहे, ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला जी भीती वाटते त्यावर आहे. आपण दारू पीत नाही, हेही त्याने सांगितलं. चित्रं पाहून अर्थ लावला की असं होऊ शकतं.

आणखी गंभीर गोष्ट १९९० ची. अमेरिकेच्या रेनो शहरात जुडास प्रीस्ट या मंडळींवर खटला चालला. दोन तरुणांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं आणि घरच्यांचं म्हणणं होतं की रेकॉर्डमध्ये लपवलेल्या शब्दांमुळे हे झालं. लेकरू गेलेल्या आईचा आक्रोश कोणाला समजणार नाही? पण खटल्यात त्या पोरांच्या घरातली मारहाण, दारू, अर्धवट सुटलेली शाळा हेही समोर आलं. न्यायाधीशांनी मंडळींना दोषी धरलं नाही. रेकॉर्ड शेवटी हाताला लागली होती. त्याआधी कितीतरी वर्षं ती पोरं खचत होती आणि कोणाच्या ते वेळेवर ध्यानात आलं नाही.

ही खरी शिकण्याची गोष्ट आहे. चित्राच्या काळ्या रंगावर नजर ठेवता ठेवता लेकराच्या चेहऱ्यावरचा काळा रंग दिसायचा राहू नये.

आपल्याकडे हे सगळं दोन टप्प्यांत आलं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून रॉकचा मोठा जलसा व्हायचा. ती शहराची, इंग्रजी शिकलेल्या पोरांची गोष्ट होती. १९९१ नंतर डिश आणि केबल आली आणि एमटीव्ही शहरातल्या घरांत शिरलं. आपल्या गावात तेव्हा दूरदर्शनवरचं छायागीतच चालायचं, तेही लाईट असली तर. २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं आणि पन्नास वर्षांचा सगळा अंधार एकदम आपल्या पोरांच्या हातात आला. मागचा-पुढचा संदर्भ कोणी सांगितला नाही. बर्मिंगहॅमचा कारखाना माहीत नाही, महायुद्ध माहीत नाही, नुसता धूर तेवढा दिसतो. म्हणून पोरांनाही तो नीट सांगता येत नाही आणि आपल्यालाही कळत नाही.

या चित्रांचं सगळंच चांगलं आहे, असं आमचं म्हणणं नाही. यात बाई फार वेळा चेटकीण, भूत, नाहीतर रक्ताने माखलेलं प्रेत म्हणून दाखवली जाते. बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढल्याच्या, मारल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. म्हणून असं चित्र मुलासोबत पाहताना विचारा, “यात बाईच का अशी दाखवली रे?” बारकी लेकरं अशी चित्रं पाहून रात्री दचकतात, त्यांच्या हातात हे नको. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्यापुढे मोबाइल असेल, तर गाणं भजनाचं असलं तरी झोप मोडते.

आणि ते “बाहेरचं लागलं” म्हणणं. काळे कपडे घालणारं, एकटं बसणारं लेकरू पाहिलं की कोणीतरी उतारा सुचवतो, मांत्रिकाकडे न्यायला सांगतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. असं कुठे दिसलं तर गटातल्या बायांनी मिळून पोलीस पाटलाला, ठाण्याला कळवावं.

मग करायचं काय? पहिलं, मोबाइल हिसकावू नका. शेजारी बसा आणि म्हणा, “दाखव बरं, तुला यात काय आवडतं?” सुरुवातीला लेकरू लाजेल, “तुला नाही समजणार,” म्हणेल. दोन-तीनदा बसलात की सांगेल. कोणी सांगेल, मला गिटार आवडते. कोणी सांगेल, याचं दुःख माझ्यासारखं आहे. पहिल्या लेकराची काळजी नको. दुसऱ्याचं बोलणं मात्र मध्ये न तोडता ऐकून घ्या.

दुसरं, गाण्यापेक्षा लेकराकडे पाहा. जेवण कमी झालं का, झोप गेली का, मित्र-मैत्रिणी सुटल्या का, शाळा-कॉलेज टाळतंय का, आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकतंय का, “मी नसलो तर बरं होईल” असं काही बोलतंय का. परीक्षा, कर्ज, सोयाबीन-कापसाचा पडलेला भाव, घरातली दारू, जमलेलं नाहीतर मोडलेलं प्रेम, हे सगळं लेकरांच्या मनावर येतं. आपल्या विदर्भाने कर्त्या माणसांचं असं जाणं फार पाहिलं आहे. ज्या घरात बाप गेला, तिथलं लेकरू गप्प राहून काय काय सोसतं, ते गाणी बंद करून कळणार नाही.

तिसरं, मदत मागायला लाजू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. लेकरू स्वतः बोलू शकतं, आईही बोलू शकते. गावात आशाताई आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर आहेत. लेकरू जिवाचं काही करून घेण्याचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गटाच्या अंतर्गत कर्जाच्या कारणांत आजारपण असतंच. मनाचं आजारपणही त्यात धरावं, असा ठराव प्रत्येक गटाने लिहून ठेवावा, ही आमची विनंती.

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपल्या आईच्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात त्यांनी म्हणा, आणि गटातल्या कॉलेजच्या मुलींना बोलावून त्यांच्या मोबाइलमधलं एखादं काळं गाणं सगळ्यांनी मिळून पाहा. अर्थ त्यांना सांगू द्या. दोन्हीकडे काय सारखं आहे ते तुमचं तुम्हीच ठरवा आणि आम्हाला कळवा. आलेली पत्रं पुढच्या भाषणात वाचू.

नमस्कार.